मानाची पहिली रांग

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत एक पद्धत होती. प्लास्टिकच्या प्लेटमधल्या छोट्या खळग्यांच्या पहिल्या उभ्या रांगेत यीस्टचा मूळ वाण, आणि मग त्याचे वंशज. हे वंशज आम्ही पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले. प्रत्येकात कुठे ना कुठे नवं म्युटेशन, म्हणजे जनुकांतला बदल, झालेलं. साखरेत, उष्णतेत, मिठात ते मूळ वाणाच्या तुलनेत कसे वाढतात, यावरून त्या म्युटेशनांचा बरावाईट परिणाम किती, याचा अंदाज मी गणिताने काढायचे. आमच्या मॅडम गिरगावच्या. त्या म्हणायच्या, "पंगतीत पहिलं पान थोरल्याचं." त्यांनाही त्यांच्या सरांनी हेच शिकवलेलं.

साखरेत आणि उष्णतेत बहुतेक म्युटेशनं थोडी अपायकारकच निघाली. मिठात मात्र बरीचशी फायद्याची दिसत होती. असं सहसा होत नाही, म्हणून मॅडम खूश होत्या आणि माझ्या फेलोशिपची मुदतवाढ त्या एका निष्कर्षावर लटकलेली होती. मी नुसती थकले होते. लालबागला घरी पोचले की आई विचारायची, "काय गो, वाढला काय तुझा यीस्ट?" मी मान हलवायचे. बोलायचंसुद्धा जिवावर यायचं.

एका दुपारी वापरलेली प्लेट खिडकीशी धरली, तर पहिल्या रांगेच्या काठावर मिठाचा पांढरा थर. मधले खळगे स्वच्छ. कडेच्या खळग्यांतलं पाणी आधी उडतं आणि उरलेलं जास्त खारट होतं. ज्याला आम्ही मान देत होतो, त्यालाच सगळ्यात खारट जागी बसवत होतो. तो खुरटला म्हणून बाकीचे वरचढ दिसले. तो कधी मधे बसलाच नव्हता, मग वाण कमजोर की जागा वाईट, हे गणिताला तरी कसं कळणार?

मूळ वाण मधल्या खळग्यांत वाढवून पाहिला. मिठातही मजेत वाढला, आणि म्युटेशनांचा फायदा जवळजवळ शून्यावर आला.

मॅडमना सांगितलं, तेव्हा त्यांनी ती प्लेट स्वतः खिडकीशी धरून पाहिली. "म्हणजे मुदतवाढ मागायला हातात काहीच नाही," त्या म्हणाल्या. "सगळं परत करायला हवं." मला रडूच आलं. कशाचं, ते धड सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः चिठ्ठ्या करून आणल्या, एकेका खळग्याची एकेक. यापुढे कोण कुठे बसणार ते चिठ्ठी ठरवणार. मूळ वाणाच्या वाट्याला अनेक चिठ्ठ्या होत्या; पहिली त्यांनीच काढली. उघडली तर पहिल्या रांगेतला कोपराच.

मी हात पुढे केला. "मॅडम, ही ठेवा परत. दुसरी काढते."

"नाही," त्या चष्मा पुसत म्हणाल्या. "आपण ठरवायचं नाही, हेच तर ठरलंय. बसव त्याला तिथेच."

मी बसवलं, आणि पुढची चिठ्ठी उघडली.