लाल गाडीचा हवेचा पंप

आमच्या गावच्या शनवारा भागातल्या एका मिस्त्रीकडे मी माझी स्कूटर नेतो. तो गिऱ्हाइकाचं अर्धंच ऐकतो. 'रुका भाऊ, तिला बोलू द्या,' म्हणत इंजिनाला कान लावतो.

गेल्या वर्षी इंदूरच्या एका शेठची जुनी लाल स्पोर्ट्स कार त्याच्याकडे आली. धूर कमी करणारा हवेचा पंप आणि त्याच्या नळ्या कुणीतरी कधीच काढून फेकल्या होत्या. शेठला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनासाठी सगळं मूळचं हवं होतं. मिस्त्रीनं आठ महिने भंगार बाजार पालथे घातले आणि एकेक भाग जमवून बसवला. गाडी सुरू केल्यावर त्यानं सायलेन्सरमागे रुमाल धरला आणि मला हाक मारून दाखवला. रुमाल पांढराच राहिला होता.

बक्षीस घेऊन शेठ परत आला. "अब वो सब निकाल दो. गाडी में दम नहीं रहा."

मिस्त्रीनं होकारार्थी मान हलवली. तासाभरात त्यानं सगळं उतरवलं, एकेक नळी पुसून पोत्यावर ठेवली. काळा धूर सोडत गाडी गेली.

मी चिडून म्हणालो, "नाही म्हणायचं होतं ना!"

"दुसऱ्यानं तोडून काढलं असतं भाऊ," तो म्हणाला. "मी निदान खोलून काढलं."