मोहरीचं पाणी

इंग्लंडमधल्या वॉटफर्डजवळच्या टेकड्यांवर बीच नावाच्या झाडांचं जंगल आहे. तिथे एका रविवारी सत्तरीच्या एक गोऱ्या बाई पालापाचोळ्यात पालथ्या पडलेल्या दिसल्या. मी घाबरून धावलो.

"श्श! मातीत मोहरीचं पाणी ओतलंय. अंग चुरचुरलं की गांडुळं वर येतात," त्या कुजबुजल्या.

बीचचा पाला चिवट, माती आंबट. गांडुळांना ती मानवत नाही. तरी या बाई म्हणे दर वसंतात ती मोजायला येतात. मीही शेजारी आडवा झालो. बऱ्याच वेळाने एक तांबूस गांडूळ वर आलं. बाईंनी ते साध्या पाण्याने धुतलं, "सॉरी, डार्लिंग" म्हणत पाल्याखाली सोडलं.

"एकच?" मी विचारलं.

"गेल्या वर्षी एकही नव्हतं!" म्हणत त्यांनी चिखलाच्या हाताने माझा हात जोरजोरात हलवला. घरी पोचेपर्यंत मी तो पुसला नाही.