पाठीमागचं स्टूल

कंपनीची बस शीळफाट्याला अडकली होती, तेव्हा मावशीचा फोन आला. "अगं, निखिल गेला..." इतकंच म्हणाली. त्याला हृदयविकाराचा झटका आला होता. मी नुसतं "निघते" म्हणाले.

निखिलदादा माझा मावसभाऊ. नोकरी सांभाळून तो क्रिप्टोचं, म्हणजे डिजिटल नाणी ठेवायचं आणि पाठवायचं, एक मोफत वॉलेट अ‍ॅप लिहायचा, परदेशातल्या काही अनोळखी लोकांबरोबर, बिनपगारी. मी डोंबिवलीहून बाळकुमला त्यांच्या घरी गेले की तो मला लॅपटॉपसमोर बसवायचा आणि स्वतः स्टूल ओढून मागे बसायचा. मी सरावाची खोटी नाणी पाठवायची, त्याने एक शब्द बोलायचा नाही. वापरणारा कुठे अडखळतो, ते त्याला बघायचं असे. गप्प राहणं त्याला जड जायचं. त्याचा पाय मागे सारखा हलत असायचा.

एकदा माझी नाणी चुकीच्या पत्त्यावर, दुसऱ्याच कोणाच्या वॉलेटमध्ये गेली.

"परत कशी आणायची?"

"नाही येत. पत्ता तूच टाकलास ना?"

"पाठवायच्या आधी तुझ्या अ‍ॅपने थांबवायचं तरी मला."

"दरवेळी थांबवलं तर लोक वैतागतात गं. आधी कोणी चोरणार नाही हे बघू दे, बाकीचं नंतर."

मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली, "दाराला कुलपं लाव तू. घरातलं माणूस खिडकीतून पडलं तरी चालेल."

"ए आई, तू नको ना."

तो हसला, पण बदललं काहीच नाही. पुढे कोणीतरी खरी बचत अशीच घालवली आणि वॉलेटच्या इंटरनेटवरच्या पानावर दादाला वाटेल ते बोललं. प्रोग्रॅममध्ये दोष नाही, असं दादाने शांतपणे लिहिलं. त्या रात्री तो जेवण सोडून ती तक्रार पुन्हा पुन्हा वाचत बसला...

परवा ते पान मी उघडलं. त्याचं शेवटचं काम तिथे होतं, पाठवण्याआधी थांबवणारा एक स्क्रीन. खाली एका सहकाऱ्याने लिहिलं होतं, आधी सुरक्षेचं बघू, हे नंतर. त्याला उत्तर द्यायला दादा नव्हता. त्यानंतर कोणी त्या स्क्रीनला हात लावलेला नाही.

तो कोड मी माझ्या लॅपटॉपवर उतरवला आणि रविवारी बाळकुमला त्याच्या टेबलाशी बसले. सरावाची नाणी पाठवायला घेतली, तर मी टाकलेला पत्ता मोठ्या अक्षरांत समोर आला. पाठवायचं बटण थोडा वेळ दाबलंच जाईना. मी पत्ता वाचला. चुकीचा होता.

मावशी चहा घेऊन आली. स्टूल माझ्या मागेच होतं. ती बसली नाही, उभीच राहिली.