काळी झाली का?

गरोदर बाईच्या दारात उभं राहून पहिलाच प्रश्न "शी काळी झाली का?" असा विचारणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, ती म्हणजे आमची नवशी. वावर गावाच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी तिचा पाडा. त्या पाड्याची ती आशा कार्यकर्ती, आणि मी तिकडच्या उपकेंद्रावरची नर्स. माझं नाव उज्ज्वला, पण ते कुणाला आठवत नाही, सगळे सिस्टरच म्हणतात.

हा प्रश्न मीच तिला शिकवला होता. लोहाच्या लाल गोळ्या आम्ही वाटतो. बायका आमच्यासमोर माना डोलावतात आणि पाठ वळली की गोळ्या उकिरड्यावर. गोळी खरंच पोटात गेली तर शी काळपट होते. बाई खोटं बोलेल, शी बोलत नाही, असं मी एका मीटिंगमध्ये म्हटलं होतं आणि सगळ्या आशा पदरात तोंड घालून हसल्या होत्या. नवशी हसली नाही. तिने ते पक्कं धरलं.

चाळिशीची बाई, अंगाने काडी, चालायला लागली की मी स्कूटर घेऊन मागे पडते. बारा वर्षांत तिने पाड्यावरची एकही बाळंतीण घरी अडू दिली नाही. कुणाला झोळीतून, कुणाला जीपमधून, कुणाला नुसतं दम देऊन जव्हारला नेलं. पण तिची एक खोड होती. दुसऱ्याला दवाखान्यात न्यायचं तर हिला पाय फुटायचे आणि स्वतःसाठी जायचं म्हटलं की तेच पाय मोडायचे.

दिवाळीनंतर तिला रक्ताची उलटी झाली. नाशिकच्या मोठ्या हॉस्पिटलात कळलं की तिचं लिव्हर कडक झालंय. जुनी कावीळ, ब प्रकारची, कधी आत शिरली तिलाही ठाऊक नाही. लिव्हर खराब म्हटलं की आमच्याकडे एकच अर्थ निघतो, दारू. मोहाच्या दारूचा वास आला तरी रस्ता बदलणारी ही बाई, पण लोक काय म्हणतील म्हणून तिने पाड्यावर कुणाला काही सांगितलं नाही. माहीत होतं ते तिचा नवरा माघ्या आणि मी, दोघांनाच.

डॉक्टरांनी तिला सोप्या भाषेत सांगितलं होतं. कडक लिव्हरमधून रक्त नीट पुढे जात नाही, म्हणून जठराच्या शिरा फुगतात आणि एखादी फुटते. फुटलेल्या शिरेत त्यांनी नळीतून औषधी गोंद भरला होता. पण एकदा फुटलं ते पुन्हा फुटतं. ते टाळायचं तर दोन गोष्टी सोडायच्या नाहीत. एक, नाडी संथ ठेवणारी गोळी, सकाळ-संध्याकाळ. दुसरी, महिन्याने परत येऊन आत नळी घालून बघणं आणि लागेल तसा गोंद पुन्हा भरणं, शिरा पूर्ण बंद होईपर्यंत.

गोळी तिने एकदाही चुकवली नाही. उठल्या उठल्या मनगट धरून नाडी मोजायची, छप्पन, अठ्ठावन्न, साठ, आणि रेंजसाठी टेकाडावर गेली की मला फोनवर सांगायची. तारीख मात्र चुकवली. त्या दिवशी पहाटे हर्षदाच्या कळा सुरू झाल्या, पहिलटकरीण, सासू बाहेरगावी. नवशी नाशिकची पिशवी खुंटीला टांगून हर्षदाला घेऊन जव्हारला गेली. मी तिला भरपूर झापलं. पुढच्या आठवड्यात जाते म्हणाली. पुढचा आठवडा गेला, त्याच्या पुढचाही. मी रागावले आणि माझ्या कामात विसरले, हेच खरं.

जानेवारीतली मीटिंग होती. मी रिपोर्टात मान घालून बसलेले, मागून नवशीने विचारलं, लोहाच्या गोळीनं काळी होते ना, सिस्टर? मी मान वर न करता म्हटलं, होते, चांगलंच आहे. मला वाटलं पाड्यावरच्या कुणा बाईचं विचारतेय. रक्त वाढावं म्हणून तीही त्याच लाल गोळ्या घेत होती, हे मला ठाऊक होतं. मीच तर दिल्या होत्या.

त्यानंतर आठ दिवसांनी तिच्या पाड्यावर लसीकरण होतं. मी अंगणवाडीत पोचले तर आया लेकरं घेऊन बसलेल्या आणि नवशी नाही. असं बारा वर्षांत झालं नव्हतं. मी तशीच तिच्या घराकडे निघाले. वाटेत बांधावर बसलेली दिसली, हातात लाभार्थ्यांची यादी, ओठ पांढरे.

"काय नाय सिस्टर, जरा गरगरलं," ती म्हणाली.

मी मनगट धरलं. अठ्ठ्याण्णव. पुन्हा मोजलं, पुन्हा तेवढेच. तापात दुसऱ्या कुणाची नाडी एवढी असती तर मी क्रोसिन देऊन घरी पाठवलं असतं. पण ही बाई अशा गोळीवर होती की तिचं हृदय पळायला मागतच नव्हतं. तरीही ते पळत होतं. मी विचारलं, शी कशी होते? तिने अगदी अभिमानाने सांगितलं, काळीकुट्ट, आठ दिवस झाले, एकही गोळी चुकवली नाही.

तिला तिथेच बसवून मी तिच्या घरामागच्या संडासात गेले. दार उघडताच वास आला. लोहाची शी काळी असते, पण तिला असा कुजका वास नसतो. ही डांबरासारखी चकाकत होती आणि पाणी ओतलं तरी चिकटून राहिली होती. हे रक्त होतं, आठ दिवस आत झिरपणारं, आणि आम्ही दोघी त्याला गोळीची कमाई समजत होतो.

पाड्यावर फोनला रेंज नाही. माघ्याला मी टेकाडावर पिटाळलं. तो धापा टाकत परत आला, १०८ दुसऱ्या पेशंटकडे गेलीय, यायला तास तरी लागेल म्हणाला. एक तास तिथे बसून राहायची माझी हिंमत नव्हती. आम्ही तिला धरून डांबरी रस्त्यावर आणलं, तिथे जव्हारचे प्रवासी नेणाऱ्या मंगेशची जीप भरून उभी होती. मी नुसतं नवशीचं नाव घेतलं आणि सगळे प्रवासी न बोलता खाली उतरले. त्यातल्या निम्म्या बायकांना तिनेच कधी ना कधी त्याच जीपमधून नेलं होतं.

जव्हारच्या अलीकडच्या वळणावर तिने माझा हात घट्ट धरला आणि पुढच्या क्षणी जीपभर रक्त. मंगेशने गाडी थांबवली, मी ओरडले, थांबू नकोस. तिला कुशीवर वळवून धरलं, घशात जाऊ नये म्हणून. माघ्या समोर बसून तिच्या पायांना हात लावून होता आणि तोंडाने एकच शब्द म्हणत होता, कमू, कमू. कमू त्यांची मुलगी, आश्रमशाळेत शिकायला. मी नाडी सोडली नाही. एकशे वीस. मग मोजता येईना.

जव्हारला शीर मिळेपर्यंत तीन सुया वाया गेल्या. दोन बाटल्या रक्त, शिरांवरचा ताण कमी करणारं इंजेक्शन, आणि तशीच ॲम्ब्युलन्समधून नाशिककडे. मोखाड्यात आठवड्याचा बाजार भरलेला. भाजीच्या पाट्या, कोंबड्या, उभ्या जीपा, सायरन वाजतोय आणि कुणी हलत नाही. मी दार उघडून खाली उतरले आणि ज्या शिव्या मी सरकारी नोकरीत कधी दिल्या नव्हत्या त्या दिल्या. वाट झाली. त्र्यंबकपर्यंत मी तिच्याशी बोलत राहिले, ती डोळे मिटायला लागली की गाल थोपटत. काय बोलले ते आठवत नाही. मला फक्त एवढंच वाटत होतं की ही मेली तर माझ्या एका "चांगलंच आहे"मुळे मेली.

ती वाचली. शीर पुन्हा त्याच जागी फुटली होती, पुन्हा गोंद भरला.

चौथ्या दिवशी तरुण डॉक्टरीणबाई तिच्या खाटेपाशी आल्या. किती दिवस काळी होत होती, विचारलं. मग विचारलं, ते ठीक आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं? नवशीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माझं मीच ठरवलं," ती म्हणाली. "आशा हाय मी, माना ठावं पायजे होतं."

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं, आणि क्षणभर गप्प राहावंसं वाटलंही. "तिने मला विचारलं होतं," मी म्हटलं. "मी न बघता हो म्हणाले." डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. जिची एकदा शीर फुटलीय तिची शी काळी झाली तर ते रक्तच धरायचं, त्याच दिवशी निघायचं, शंका घरी फेडत बसायची नाही, असं त्यांनी आम्हा दोघींना शाळेतल्या पोरींसारखं म्हणायला लावलं. कार्डावर चार आठवड्यांनंतरची तारीख लिहून त्या गेल्या.

नवशी ते कार्ड बराच वेळ बघत होती. मी तोंड सोडलं, या खेपेला तारीख चुकवलीस तर तंगडी मोडून ठेवीन. तिने मला बोलू दिलं. मग हळूच म्हणाली:

"मी नाय येणार सिस्टर. मनाशी किती बी ठरवलं तरी नाय येणार. कुणीतरी आडवं येतंच. माना कुणीतरी आणाया पायजे."

सगळ्या पाड्याला हाताला धरून दवाखान्यात नेणारी ही बाई, आणि हिला आणायचं काम आम्ही कुणावर सोपवलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी ते पुसलंही नाही. मी येईन, म्हटलं. त्या दिवशी सकाळी सहाला तुझ्या दारात उभी राहीन.

तिने कार्ड उशीखाली सरकवलं.

"साडेपाचला या," ती म्हणाली. "सहाला मी कुणाला तरी घेऊन निघालेली असेन."