आभाळात पळणारे ठिपके

वहिनीचा फोन आला तेव्हा मी भाकरीचं पीठ मळत होते. म्हणाली, "हे गच्चीवर पडलेत, उठंनात." मला आधी रागच आला. अण्णा, माझा थोरला भाऊ, रोज सकाळी गच्चीतल्या खाटेवर उताणा पडून आभाळ बघायचा. हाकेसरशी उठणं त्याला ठाऊकच नव्हतं. पण या वेळी त्याचं हृदयच थांबलं होतं...

अण्णा पेंटर. सोलापुरातल्या दुकानांच्या पाट्या मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू, सगळ्या लिप्यांत रंगवायचा. लहानपणी अक्कलकोटच्या शेतात पडून सांगायचा, आभाळात चमकते ठिपके पळतात. आईनं मीठमोहऱ्या उतरवल्या, ठिपके काही थांबले नाहीत. पन्नाशीत शुगर निघाली, डोळे तपासायला गेला आणि पोटात ठेवलेला तो ठिपक्यांचा प्रश्न त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलाच. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, डोळ्याच्या पडद्यावर केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात, त्यांतून रक्तपेशी एकामागोमाग एक जातात. लाल पेशी निळा उजेड अडवतात. मधेच पांढरी आली की तेवढीच जागा उजळते, तोच पळणारा ठिपका. मोठ्या वाहिन्या नुसती ने-आण करतात, शरीराला प्राणवायू द्यायचं खरं काम या बारक्यांचं. आणि शुगर नासवते तीही आधी यांनाच.

अण्णा हरखला आणि घाबरलाही. डोळे गेले तर ब्रश गेला. त्या दिवसापासून माझ्या हातची गुळाची शेंगापोळी बंद. मी रुसले, तरी बंद. रोज सकाळी ठिपके पळताहेत ना, बघायचा. ही काही तपासणी नव्हे, असं बाईंनी बजावलं होतं, म्हणून दरवर्षी दवाखान्यातही निमूट जायचा. अक्षर शेवटपर्यंत हललं नाही त्याचं. मला तो कानडीत तंगी म्हणायचा, धाकटी बहीण. "तंगी, वर बघ की. आपलंच रगत हाय ते." मला कधी काही दिसलं नाही. तुला दम न्हाय, म्हणायचा. खरंच नव्हता.

परवा वहिनी म्हणाली, ती खाट कुणाला तरी देऊन टाकू, बघवत नाही. खाट उतरवायला म्हणून मी वर गेले आणि बसता बसता आडवी झाले. निळंभोर आभाळ, एक ढग नाही. डोळे भरून आले, पुसले, पुन्हा बघत राहिले... आणि दिसले. बारीक चमकते ठिपके, वळणं घेत, काळजाच्या ठोक्यागणिक पुढं पळणारे. माझेच होते, अण्णाचे नव्हते, कळत होतं. तरी मी त्यालाच सांगत होते, दिसले रे, दिसले.

वहिनी खाटेचं दुसरं टोक धरायला वर आली.

"खाट राहू दे," मी म्हटलं. "पड जरा इथं. वर बघ."