कार्यानुभवाचे गुण

आठवीपर्यंत माझं शाळेतलं शिवण आक्काच करायची. कार्यानुभव नावाचा विषय होता. त्यात मुलांना विजेची कामं आणि मुलींना शिवण. धावदोरा, हेम, काज, बटण असे नमुने कापडाच्या तुकड्यांवर करायचे, जाड कागदावर चिकटवायचे आणि बाईंना दाखवायचे. मला सुई धरता येत नव्हती असं नाही, पण माझा टाका सरळ म्हणून कधी जायचा नाही. आक्का माझ्याहून मोठी. दहावीनंतर तिनं शाळा सोडली होती आणि घरी मशीनवर आळीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. माझी धडपड बघून म्हणायची, "आण हिकडं, कापडाचा जीव घेशील." बाईंनाही ते ठाऊक असणार. एकदा त्यांनी माझं काज उलटसुलट करून बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "बहिणीला सांग, छान झालंय."

आम्ही लासुर्ण्याचे. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. वडिलांनी, म्हणजे आबांनी, ती मोडली, ऊस लावला, म्हशी घेतल्या. म्हशींना उसाच्या शेंड्यांचं वाढं बारीक करून घालायला विजेवर चालणारं कुट्टी मशीन होतं. माझी आठवीची परीक्षा तोंडावर आली होती. आक्का मशीनमध्ये वाढं सारत होती, तेवढ्यात लाईट गेली. मशीन थांबलं आणि वाढं आत अडकून राहिलं. एकदा गेलेली लाईट लवकर यायची नाही, हे आमचं नेहमीचंच. अडकलेलं वाढं ओढून काढायला तिनं उजवा हात आत घातला, आणि लाईट आली.

मी ओसरीवर अभ्यासाला बसले होते. मशीन सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, आता पंखा लागेल. मग आक्कानं "आई" अशी हाक मारली. ओरडली नाही. हाक मारली, जशी चुलीवरचं दूध उतू चाललं की मारायची.

शेजारच्यांच्या जीपमधून तिला बारामतीला नेलं. मनगटाच्या वर हात काढावा लागला.

तिचं लग्न ठरलं होतं. बावड्याचं स्थळ होतं, सुपारी फुटली होती, वैशाखात बार उडवायचा होता. ती दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांच्याकडचे एक म्हातारे तात्या आले. चांगला माणूस. बराच वेळ पावसापाण्याचं बोलत बसले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि आबांना म्हणाले, "आबाराव, पोरीसाठी जीव तुटतो बघा. पर घर मोठं हाय, जनावरं हायती. भाकरी कुणी थापायच्या?"

आबा म्हणाले, "तुमचं बी बरोबर हाय."

आक्का आतल्या खोलीत होती. तिनं सगळं ऐकलं. तात्या उठले तेव्हा आई रडत होती म्हणून चहाचा कप न्यायला आक्काच बाहेर आली आणि डाव्या हातानं कपबशी उचलून आत गेली. त्यानंतर तिनं शिलाई मशीनवर चादर टाकली ती महिनोन्महिने काढली नाही.

जूनमध्ये मी नववीत गेले. बाईंनी नमुन्यांची कापडं वाटली. ते कापड घरी नेऊन आक्काच्या समोर बसून मी कसं शिवायचं? मी ते दप्तराच्या तळाशी ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

विज्ञानाचे सर त्या वर्षी नवीन आले होते. तरुण, उत्साही, बोलताना हातवारे करणारे. एक दिवस वर्गात म्हणाले, "बारामतीला विज्ञान प्रदर्शन आहे. आपण यंत्रमानव करणार आहोत. चौघांचा गट हवा. जो गटात काम करेल त्याला कार्यानुभवाचे गुण त्यातूनच देऊ. मी मुख्याध्यापकांशी बोललोय." मी हात वर केला. वर्गातली पोरं हसली. मुलगी म्हणून मी एकटीच होते. शिवणाच्या बाईंना विचारायला गेले तर त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, "जा."

अख्खा यंत्रमानव काही आमच्याच्यानं होईना. पत्र्याचं डोकं झालं, डोळ्यांत दोन बल्ब लागले आणि गाडी तिथंच अडली. मग एका शनिवारी सर म्हणाले, "सगळा माणूस राहू दे. त्याचा एक हात करू. पण तो खरंच काहीतरी उचलणारा करू." आणि मग त्यांना एकदम आठवलं असावं. ते माझ्याकडे बघून थांबले. "चालेल ना गं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

गटातल्या एकाच्या अब्बांचं सायकलचं दुकान होतं. त्यानं आऱ्या आणल्या, त्या बोटांच्या सांध्यांत घातल्या. लाकडी पट्ट्यांची तीन बोटं केली. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं नव्या सिरिंजा आणि सलाईनच्या नळ्या दिल्या. नळीच्या दोन्ही टोकांना सिरिंज, आत पाणी. इकडचा दट्ट्या दाबला की पाणी पलीकडचा दट्ट्या ढकलायचं आणि बोट वाकायचं. पहिल्यांदा बोट वाकलं तेव्हा आम्ही चौघं नुसते ओरडत सुटलो. त्या संध्याकाळी मात्र मी लांबच्या रस्त्यानं घरी गेले.

घरी मी काही सांगितलं नव्हतं. पण गावात काय लपून राहतं? आक्कानं एकदा भाजी निवडता निवडता विचारलं, "हात करताय म्हणं तुमी?"

"व्हय."

"कसला?"

"लाकडाचा. पाण्यावर चालतो."

तिनं निवडलेल्या भाजीचा ढीग पुन्हा एकदा निवडला. मग म्हणाली, "मला दाखवशील?"

रविवारी मी तिला शाळेत नेलं. सर आणि पोरं होतीच. हात गेल्यापासून दवाखान्याशिवाय कुठं जाण्याची तिची ती पहिलीच वेळ. उजवा हात पदराखाली होता. सरांनी खुर्ची दिली, पण ती उभीच राहिली. पोरांनी हात चालवून दाखवला. बोटं वाकली, टेबलावरचा खडू धरला, उचलला. आक्का वाकून बघत होती. तिनं डाव्या हाताचं बोट त्या लाकडी बोटात अडकवलं आणि म्हणाली, "दाबा." पोरानं दट्ट्या दाबला. लाकडी बोटानं तिचं बोट धरलं.

"सोडतो का?" तिनं विचारलं.

"सोडतो की. मागं ओढलं की सोडतो."

घरी येताना ती रस्ताभर बोलत होती. हाडकासारखा दिसतो म्हणाली, वरनं कापड पायजे. घरी आल्या आल्या तिनं शिलाई मशीनवरची चादर काढली. मी कापड धरलं, ती डाव्या हातानं सरकवत गेली, पायानं मशीन चाललं. दोनदा उसवलं, तिसऱ्यांदा जमलं. गव्हाळ रंगाची बाही, मनगटाशी नीट चुण्या घातलेली. आई चुलीपाशी बसून हे बघत होती, मध्येच उठून परड्यात गेली. त्या दिवसांत आक्का नीट जेवायला लागली. वेणी घालून घ्यायला माझ्यासमोर आपणहून येऊन बसायची. एकदा म्हणाली, "पट्टा चामड्याचा लागंल न्हाय? काखेतनं घ्यावा लागंल." मी कसला पट्टा म्हणून विचारलं नाही. मला वाटलं, शिवणाचंच काहीतरी बोलत असेल.

प्रदर्शनाला ती आमच्याबरोबर बारामतीला आली. सरांनीच आग्रह केला होता. मोठ्या शाळेचं मैदान, मांडव, टेबलांच्या रांगा. कुणी पवनचक्की केली होती, कुणी ज्वालामुखी. आमच्या टेबलाशी गर्दी होती, कारण हात खरंच चालत होता. स्टीलचा पेला उचलायचा, बाजूला ठेवायचा. दोघं पोरं सिरिंजा दाबायची, तिसरा नळ्या सांभाळायचा आणि माहिती सांगायचं काम माझ्याकडे. सरांनी पाठ करून घेतलं होतं ते मी घडाघडा म्हणत होते.

परीक्षक आले. त्यांतले एक वयस्कर होते, चष्मा कपाळावर ढकललेला. त्यांनी हात दोनदा चालवून बघितला. खूश झाले. "उपयोग काय याचा?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "ज्यांना हात नाही अशा अपंग व्यक्तींना हा हात उपयोगी पडेल."

"अच्छा. मग त्यानं हा चालवायचा कसा?"

"सिरिंज दाबून."

"कशानं दाबून?"

मी पोरांच्या हातांकडे बघितलं. ते हसले, पण वाईट हसले नाहीत. पोरांकडे बोट करून म्हणाले, "हे बघ, दोघंजण मिळून चार हातांनी हा एक हात चालवतायत. ज्याला हात नाही त्यानं काय करायचं? विचार करा बरं का याचा. बाकी काम उत्तम आहे." त्यांनी कागदावर काही लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे वळले. गर्दीतलं कुणीतरी हसलं.

आक्का माझ्या मागंच उभी होती. परीक्षकांना ती कोण हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी वळून बघितलं तर जागा रिकामी होती.

ती मैदानाच्या कडेला पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर सापडली. मी शेजारी बसले. लाऊडस्पीकरवर कुठल्या तरी शाळेचं नाव पुकारत होते.

"आक्का, तुला आधीच कळलं हुतं ना? त्याला दाबायला हात लागत्यात ते?" मी विचारलं.

"दिसत हुतं की," ती म्हणाली. "मी काय आंधळी हाय? पर मला वाटलं, आत्ता असं हाय, मागनं सर कायतरी बारीक करतील. दाताबिताला न्हायतर खांद्याला लावतील. शाळा शिकलेली माणसं हायती म्हटलं, करतील."

मग पट्ट्याचं मला कळलं. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. ती डाव्या हातानं माझी वेणी सारखी करत राहिली, जणू लागलं होतं ते मलाच.

आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. परतीच्या इंदापूर गाडीत पोरं गाणी म्हणत होती. सर सगळ्यांत पुढं एकटेच बसले होते. त्यांना आक्काचं कुणीतरी सांगितलं असावं, किंवा त्यांनीच बघितलं असावं.

पुढच्या आठवड्यात सर घरी आले. आबांनी चहा सांगितला. सर कपात बघत म्हणाले, "आबा, माझ्या डोक्यात नव्हतं हो असं काही. ती आशा लावून बसेल असं वाटलंच नाही."

आबा म्हणाले, "सर, तुमी पोरांना शिकवलं. पोरगीनं आशा लावली. ह्यात तुमचं काय चुकलं?" आणि ते उठून गोठ्याकडे गेले.

सरांनी मग पुण्याला पत्रं पाठवली. वर्षभरानं एका शिबिरात आक्काला हात मिळाला. रबराचा, शोभेचा. बोटं वाकत नव्हती, रंगही तिच्या अंगाशी जुळत नव्हता. पट्टा काखेत काचायचा, उन्हाळ्यात फोड यायचे.

नववीच्या वार्षिक निकालात कार्यानुभवासमोर 'अ' श्रेणी होती. निकालपत्रक मी आबांना दाखवलं, आक्काला नाही. तिनंही मागितलं नाही. आमचा लाकडी हात प्रयोगशाळेच्या कपाटावर होता. पुढच्या वर्षीच्या गटानं त्याच्या सिरिंजा काढून जॅकचं मॉडेल केलं.

मी बारावीनंतर पुढं शिकायला बारामतीला राहिले. त्याच सुमारास आक्काचं लग्न झालं, मोरगावकडच्या एका बिजवराशी. पहिल्या बायकोची दोन मुलं होती. कोरडवाहू जमीन, बाजरी, शेळ्या. नवरा शब्दानं वाईट नव्हता. कमी बोलायचा.

एकदा मी तिच्याकडे गेले होते. ती परातीत डाव्या हातानं पीठ मळत होती आणि उजव्या कोपरानं परात दाबून धरत होती. भाकरी थोरली मुलगी थापायची. धाकटा लांबूनच बोलायचा. आक्का म्हणाली, "त्याला त्या हाताचं भ्या वाटतं. अंघूळ बापाकडनंच घालून घेतो. आता बरं हाय, आदी तर माझ्यासमोर जेवत बी नव्हता."

"आणि तो रबराचा?" मी विचारलं.

"हाय की. सणावाराला घालते. फोटोत बरा दिसतो."

मी काय शिकते ते तिनं विचारलं. मी सांगितलं, मशीनं कशी करायची ते. ती "बरं हाय" म्हणाली आणि चुलीत लाकूड सारलं. त्यातली कुठली मशीनं, कशासाठी, काही विचारलं नाही.

दुपारी ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. पिशवी तिनंच धरली होती, मला घेऊ दिली नाही. एसटीचा पत्ता नव्हता. ऊन तापलं होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. थोडा वेळ आम्ही दोघी लिंबाच्या सावलीत उभ्या राहिलो. मग ती म्हणाली, "येईल आता गाडी. मी जाते. शेळ्या एकट्या हायत."

पिशवी माझ्या पायाशी ठेवून ती परत फिरली. गाडी त्यानंतर बऱ्याच वेळानं आली.