जावेच्या पदरातल्या गोळ्या

माझ्या थोरल्या जावेच्या कडक भाकऱ्या कधी करपल्या नाहीत. सोलापुरात आमच्या घरी आठवड्याच्या भाकऱ्या एकाच दिवशी व्हायच्या. पातळ थापून, भाजून त्या निखाऱ्यांच्या कडेला उभ्या करायच्या आणि कुरकुरीत होईपर्यंत तिथून हलायचं नाही. ती हलायची नाही. मी पाणी आणायला म्हणून उठायचे, वाटेत सुताच्या लडी दिसायच्या, त्यांचा गुंता सोडवत बसायचे, आणि जळका वास आला की भाकऱ्या आठवायच्या. सासूबाई मला अंगचोर म्हणायच्या. जावेची एक तरी भाकरी जळावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसायचे.

मी आळशी आहे की माझ्या डोक्यातच काही बिघाड आहे, हे मला एकदा कळायला हवं होतं. दोन मुलांची आई झाल्यावर मी हट्टानं मनाच्या डॉक्टरांकडे गेले. गल्लीत त्यांना वेड्यांचा डॉक्टर म्हणत. घरचं कुणीतरी सोबत आणा, असं त्यांनी कळवलं होतं. नवऱ्याला मागावरच्या विणकामातून सुटी मिळेना, म्हणून सोबत आली ती जाऊच.

लहानपणापासून असंच आहे का, काय काय विसरता, असं डॉक्टरांनी विचारलं. मला त्या घटकेला काही म्हणता काही आठवेना. तिला सगळं आठवत होतं. उतू गेलेलं दूध, बाजारात राहिलेली पिशवी, माझ्या आईनं कधीकाळी सांगितलेल्या माझ्या शाळेतल्या गोष्टीसुद्धा. माझं आयुष्यही तिलाच नीट पाठ होतं. शेवटी ती म्हणाली, "आळशी न्हाय ओ ती. लई करायचं असतंय तिला, पर मन थाऱ्यावर ऱ्हात न्हाय."

हे कुणीतरी म्हणावं म्हणून मी वर्षानुवर्षं थांबले होते. ते तिनं म्हणावं, याचा मला संताप आला.

असं चंचलपण मुलांत दिसतं, मोठ्या बाईत त्याला काय म्हणावं ते मलाही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या देऊन पाहू, आणि कामाला बसताना कुणीतरी शेजारी असू द्या. पुडी त्यांनी माझ्यापुढं धरली, मग थांबून जावेच्या हातात दिली. "तुम्हीच देत जा. या विसरतील."

तिनं ती पदराच्या गाठीत बांधली. रोज जेवणानंतर गाठ सोडून गोळी द्यायची आणि मी गिळेपर्यंत समोर उभी राहायची. गोळ्यांनी मला नुसती झोप यायची. भाकऱ्या मात्र करपायच्या थांबल्या, कारण आता ती चुलीपाशी माझ्या शेजारी बसायची.

घरात सगळे म्हणाले, गोळी लागू पडली. खरं काय ते तिला माहीत होतं, पण ती कुणापाशी बोलली नाही. तेवढा मोठेपणा तरी तिनं माझ्या वाट्याला शिल्लक ठेवायला हवा होता.